पिशवी काढली म्हणजे कॅन्सर टळला, असं होत नाही

बीड जिल्ह्यात वडवणी, धारूर, केज, पाटोदा या पट्ट्यातल्या कुठल्याही तांड्यावर नाहीतर वस्तीवर जा आणि तिशी-पस्तिशीतल्या बाईला विचारा की बाई गर्भपिशवी का काढली, उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "डाक्टर म्हनला ठिवली तर कॅन्सर व्हईल." झालाय असं नाही, होईल. पांढरं पाणी जात होतं, कंबर दुखत होती, पाळीत अंगावरून जास्त जात होतं, त्यावर एक सोनोग्राफी झाली आणि तिथून थेट ऑपरेशन. २०१९ साली हे प्रकरण गाजलं, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, एकट्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा-सात बायकांमागं एक.

तेव्हा मजुरांच्या टोळ्या नेणारा मुकादम, त्याच्याकडून आधीच घेतलेली उचल, कामाला न गेल्याचा म्हणजे खाड्याचा दंड, फडावर पाण्याची आणि संडासाची सोय नसणं, यावर बरंच लिहून आलं आणि ते सगळं खरंच आहे. पण या सगळ्यात कॅन्सरच्या भीतीनं जे काम केलं त्यावर फार कुणी बोललं नाही. दंडाच्या भीतीनं बाई पाळीतही कामावर जाते हे समजू शकतं, पण धडधाकट अवयव काढायला पैसे उसने घेऊन ती दवाखान्यात स्वतःच्या पायानं का जाते, तर तिला लेकरं वाऱ्यावर पडतील असं वाटतं म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं कॅन्सर टाळायच्या नावाखाली बाईच्या अंगातल्या हार्मोनशी खेळ होतो, नंतर जी तूट येते तिच्यावर व्हिटॅमिन-कॅल्शियमच्या गोळ्या विकल्या जातात, आणि जी एक तपासणी खरोखर जीव वाचवते, जी आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्याच बायकांवर सिद्ध झाली, ती आपल्या बायकांपर्यंत अजून नीट पोचलेली नाही. हे उलटं झालं पाहिजे आणि करता येण्यासारखं आहे.

हार्मोन आणि कॅन्सर यांचं नातं आहेच, ते कुणी नाकारत नाही. १८९५ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं स्तनाचा कॅन्सर पुढं गेलेल्या बाईचे अंडाशय काढले आणि गाठी आटल्या, तिथून हा अभ्यास सुरू झाला. आपल्याकडं पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये हार्मोन आणि ट्यूमर व्हायरस एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे त्यांनी फार आधी दाखवलं, देशातली पहिली टिश्यू कल्चरची लॅब तिथं उभी केली, १९८२ ला पद्मभूषण मिळालं. मराठी घरात त्यांचं नाव जेवढं माहीत असायला पाहिजे तेवढं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि याच बाई पुढं नगर जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या आदिवासी भागात जाऊन लेकरांच्या आहारावर काम करत होत्या. कॅन्सरच्या पेशींवर आयुष्य घालवलेली शास्त्रज्ञ लेकरांच्या ताटात काय पडतं ते बघायला डोंगरात जाते, यावरून तरी आपल्याला कळायला पाहिजे की व्हिटॅमिनची जागा कुठं आहे. त्यावर पुढं येतोच.

तर हार्मोन. एखाद्या बाईला कॅन्सर होऊच नये म्हणून तिच्या हार्मोनमध्ये हात घालायचा तर शास्त्रज्ञ किती जपून घालतात ते बघा. टॅमोक्सिफेन हे औषध स्तनाच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम रोखतं. ते निरोगी बायकांना आधीच दिलं तर कॅन्सर टळेल का, हे बघायला अमेरिकेत १३,३८८ बायकांचा अभ्यास झाला, सगळ्या जास्त धोका असलेल्या, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसती साखरेसारखी गोळी. १९९८ ला निकाल आला, पसरणारा स्तनाचा कॅन्सर ४९ टक्क्यांनी कमी झाला. मोठंच यश. तरी ते औषध सरसकट सगळ्यांना देत नाहीत, कारण त्याच अभ्यासात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या, म्हणून प्रत्येक बाईचा धोका मोजून, तिला समजावून, मग ठरवायचं असा नियम झाला. ज्यांच्या घराण्यात स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, बीआरसीए नावाच्या जीनमधला बिघाड असतो त्यांचे अंडाशय काढतात हेही खरं, पण जीनची तपासणी करून, लेकरं-बाळं झाल्यावर, साधारण पस्तिशी-चाळिशीनंतर, नीट चर्चा करून.

आणि आपल्याकडं सोनोग्राफीच्या एका कागदावर.

एका ओळखीच्या वहिनींची फाईल मी स्वतः बघितलीय. प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. सोनोग्राफीचा कागद पार पांढरा पडलेला, चित्र दिसतच नाही. डिस्चार्ज कार्डावर तारीख, सही, शिक्का आणि ऑपरेशनचं नाव. अंडाशय ठेवले की काढले ते कुठंच लिहिलेलं नाही, वहिनींनाही माहीत नाही, त्यांना एवढंच माहीत की तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं अंथरूण भिजतं, गुडघे धरतात. मी सगळी बॅग उलटी करून एक कागद शोधत होतो, बायोप्सीचा रिपोर्ट. तो नव्हता. आता हा मुद्दा कुणीही समजून घेऊ शकेल, की ज्या पिशवीत कॅन्सर आहे किंवा होणार अशी डॉक्टरला खरंच शंका असते ती काढल्यावर त्याचा तुकडा पॅथॉलॉजी लॅबला जायलाच पाहिजे, कारण कॅन्सर निघाला तर पुढचा इलाज लागतो. पिशवी लॅबला गेलीच नसेल तर ती भीती घालणाऱ्यालाच खरी वाटत नव्हती. माझी सगळ्यांना विनंती आहे, घरात कुणाची पिशवी काढलेली असेल तर फाईल उघडा आणि हा एक कागद आहे का बघा.

अंडाशय गेले की इस्ट्रोजेन एकदम बंद होतं. पन्नाशीला हळूहळू जे होतं ते तिशीत एका दिवसात. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशय ठेवून नुसती पिशवी काढली तरी पाळी कायमची थांबायचं शरीराचं वय काही वर्षं अलीकडं येऊ शकतं. आणि ही बाई काय काम करते, तर पहाटे चारला उठून ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या हाडांना जगातल्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त ताकद पाहिजे, आणि नेमकी तिचीच हाडं आपण पोकळ करतोय. मग सुरू होतात कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, बी ट्वेल्व्ह, टॉनिकच्या बाटल्या. विहिरीचा झरा बुजवायचा आणि मग टँकर लावायचा, त्यातला प्रकार. ऑपरेशन झालेल्या बाईला कॅल्शियम आणि डी लागतं, ते बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, लागतंच. माझा राग आहे तो ते लागायची वेळ आणली यावर.

व्हिटॅमिनबद्दल दुसरी एक समजूत शहरात जास्त आहे, लातूर-नांदेडच्या शिकल्यासवरल्या घरात सुद्धा, की मल्टीव्हिटॅमिन, अँटीऑक्सिडंट घेतलं की कॅन्सर लांब राहतो. ही समजूत आकाशातून पडलेली नाही. भाजीपाला, फळं जास्त खाणाऱ्यांना काही कॅन्सर कमी होतात असं पाहणीत दिसत होतं, गाजरात-पालेभाजीत बीटा कॅरोटीन असतं, मग तेच गोळीत भरून दिलं तर? शास्त्रज्ञांनी अंदाजावर सोडलं नाही, करून बघितलं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षं. १९९४ ला निकाल आला आणि सगळे हादरले, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत त्याच काळात १८,३१४ लोकांवर बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र देऊन अभ्यास चालू होता, तो १९९६ ला मुदतीआधी थांबवावा लागला, तिथं वाढ २८ टक्के. व्हिटॅमिन ई ने प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल म्हणून ३५,५३३ पुरुषांवर अभ्यास झाला, २०११ ला कळलं की टळायचं सोडा, १७ टक्क्यांनी वाढला. व्हिटॅमिन डी २५,८७१ लोकांना पाच वर्षं दिलं, कॅन्सर होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं गोळ्या खाऊन आपल्याला हे ज्ञान दिलंय. गोळीत कोंबलेलं व्हिटॅमिन म्हणजे करडईची भाजी नव्हे, भाजीबरोबर आणखी पन्नास गोष्टी येतात, आणि भाजी खाणारा माणूस बऱ्याचदा तंबाखूही कमी खातो. ज्याला तूट आहे त्याला व्हिटॅमिन द्या, गरोदर बाईला फॉलिक ॲसिड द्या, रक्त कमी असलेल्या पोरींना लोहाच्या गोळ्या द्या, शेवग्याचा पाला, अंबाडी, ज्वारीची भाकरी ताटात राहू द्या. पण तोंडात मिसरी आणि हातात मल्टीव्हिटॅमिन हा सौदा खोटा आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, सकाळी दात घासायच्या नावानं सुरू होते आणि दिवसातून चार वेळा लागते, आणि तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो यात आता कुणाला शंका राहिलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, ज्याची भीती घालून पिशव्या काढल्या जातात, तो होतो एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळं. हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा व्हायरस बहुतेक बायकांच्या अंगातून आपोआप निघून जातो, थोड्यांच्या अंगात मुक्काम करतो, आणि मग कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं घेतो. एवढा वेळ मिळतो आपल्याला. त्या काळात बिघडलेला भाग सापडला तर तेवढाच थंड करून नाहीतर उष्णतेनं जाळून टाकता येतो, पिशवी जागेवर राहते, बाई त्याच दिवशी घरी जाते.

या एचपीव्हीची तपासणी नेमकी किती जीव वाचवते हे जगाला कुणी दाखवलं माहितीय का? तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी. ऑक्टोबर १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून, डॉ. शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांना गावांच्या ५२ गटांतून चार प्रकारांत वाटलं. एका प्रकारात एचपीव्ही तपासणी, एकात पॅप स्मिअर म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन दुर्बिणीखाली बघणं, एकात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यानं बघणं, आणि चौथ्यात तपासणी नाही, नुसती माहिती. २००९ ला निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. जवळपास निम्मं मरण एका तपासणीनं कमी झालं. जगभर त्यावरून धोरणं बदलली, आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीच पहिली करा म्हणते.

त्या चौथ्या गटाबद्दल पुढं बराच वाद झाला, की जगात तपासण्या माहीत असताना ३१ हजार बायकांना त्याविना ठेवणं बरोबर होतं का. मला विचाराल तर हा प्रश्न उचित आहे आणि तो मिटलेला नाही. त्या बायका परांडा, भूम, कळंब असल्या तालुक्यांतल्या कुणाच्या तरी आया, सासवा, आत्या होत्या. त्यांच्या मरणाच्या आकड्यातून जे कळलं ते जगाच्या कामी आलं, मग ते पहिल्यांदा त्यांच्या लेकी-सुनांच्या कामी यायला नको का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी एकदा तरी झालेल्या बायका निघाल्या १.९ टक्के. पिशवी काढलेल्या बायकांचं बीडचं प्रमाण आणि हे प्रमाण शेजारी ठेवून बघा.

धाराशिवच्या त्या निकालातला आणखी एक आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, जो फारसा सांगितला जात नाही. ज्या बायकांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली त्यांच्यात पुढं कॅन्सर होण्याचं प्रमाण वर्षाला लाखामागं ३.७ होतं, आणि नुसत्या डोळ्यानं बघून निगेटिव्ह ठरलेल्यांत १६. म्हणजे ही तपासणी कॅन्सर शोधते तेवढंच नाही, ती बाईला छातीठोक सांगू शकते की जा, तुला पुढची कैक वर्षं या कॅन्सरची भीती नाही. पिशवीच्या धंद्याला याच्याइतका मोठा आळा दुसरा कोणता असणार? परवानगीचे नियम झाले, सिव्हिल सर्जनची मंजुरी लावली, चांगलंच केलं, पण भीती तशीच राहिली तर बाई शेजारच्या जिल्ह्यात जाऊन ऑपरेशन करून येते. तिच्या हातात निगेटिव्हचा कागद असेल तर ती डॉक्टरला म्हणू शकते, साहेब हा बघा रिपोर्ट, आता पांढऱ्या पाण्यावर औषध द्या. अर्थात पिशवीच्या आतल्या अस्तराचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर यातून कळत नाही, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर दाखवायलाच पाहिजे, तेही सांगितलं पाहिजे.

लोक म्हणतात सरकार उपकेंद्रावर तपासणी करतंच की. करतं, ॲसिटिक ॲसिडची, आणि करणाऱ्या नर्सताई, सीएचओ म्हणजे उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी मनापासून करतात. पण ती बघणाऱ्याच्या नजरेवर चालते. मुंबईत वस्त्यांमधल्या बायकांना चांगलं ट्रेनिंग देऊन वर्षानुवर्षं देखरेख ठेवून केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, धाराशिवात एकदाच केली तेव्हा मृत्यूत ठोस फरक दिसला नाही. दुसरं म्हणतात एचपीव्ही महाग आहे. १९९९ ला परदेशी किट होतं तेव्हा होतंच महाग, आता टीबीसाठी ग्रामीण रुग्णालयात ज्या ट्रूनॅट मशीन बसल्यात त्याच मशीनवर चालणारी देशी एचपीव्ही तपासणी आलीय. आणि पिशवीच्या ऑपरेशनला तीस-चाळीस हजार उसने काढणाऱ्या बाईसमोर तपासणी महाग आहे असं कुणी म्हणू नये. तिसरं, बायका तपासायला लाजतात. लाजतात, पण या तपासणीचा नमुना बाई स्वतःच्या हातानं घेऊ शकते, बंद खोलीत, एका छोट्या ब्रशनं, कुणी बघायची गरज नाही, आशाताईनं समजावून सांगितलं की झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिलेली आहे.

पोरींसाठी लस आहेच, पुण्याच्या सीरमनं आपली देशी लस आणली, आणि एक डोस पुरतो हे ज्या भारतीय अभ्यासातून पुढं आलं त्यातही बार्शी एक केंद्र होतं. नववी-दहावीच्या आतल्या प्रत्येक पोरीला ती मिळालीच पाहिजे. पण लस आजच्या आयांना वाचवणार नाही, त्यांच्यासाठी तपासणीच.

म्हणून मागणी अगदी साधी आहे आणि ती बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांपुढं, पालकमंत्र्यांपुढं ठेवली पाहिजे. तीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक ऊसतोड बाईची एचपीव्ही तपासणी, आणि ती श्रावण-भाद्रपदात. तारीख यात सगळ्यात महत्त्वाची आहे. दसऱ्यानंतर गाड्या भरून निघतात, बाई एप्रिलपर्यंत कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडावर असते, शिबिर डिसेंबरात घेतलं तर गावात म्हाताऱ्या आणि लेकरंच भेटतात. नमुना गणपतीच्या आधी घेतला, रिपोर्ट घटस्थापनेच्या आत आला, पॉझिटिव्ह निघालेल्या बाईला तालुक्याच्या रुग्णालयात बोलावून बॅटरीवर चालणाऱ्या थर्मल मशीननं त्याच दिवशी इलाज केला, आणि निगेटिव्ह निघालेलीच्या हातात सही-शिक्क्याचा मराठी कागद दिला, तरच याचा उपयोग. रिपोर्टला दोन महिने लागले तर तो घेऊन आशाताई कुलूप लावलेल्या घरासमोर उभी राहणार, फोन करायचा तर नंबर नवऱ्याचा नाहीतर मुकादमाचा, आणि ही गोष्ट मुकादमाच्या फोनवर सांगायची नसते.